पैलवानाचा दगड

"पाणी उशाकडून ओतायचं, झेकिये. पायाकडून नाही. आणि धार बारीक धर, तान्हं आहे ते. मी गेल्यावर माझ्याकडे एखाद्या वर्षी नाही आलीस तरी चालेल, पण त्याच्याकडे जायचं चुकवू नकोस. कुणाला सांगत बसायचं नाही. नुसतं जायचं."

आईनं हे सांगितलं तेव्हा झेकियेचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. आता तिची त्रेसष्टी उलटली होती, आणि आईला जाऊन एकतीस वर्षं झाली होती. पण ईदच्या आदल्या दिवशी, अरेफेला, पाण्याचा डबा भरायला झऱ्यावर वाकलं की तो आवाज जसाच्या तसा कानाशी यायचा.

तान्हं म्हणजे इद्रिस. आईचा पहिला मुलगा, झेकियेच्या आधीचा. चाळीस दिवस पुरे व्हायला दोन दिवस कमी असताना गेला. तेव्हा मेर्मेरली गाव अजून एका जुन्या रोमन शहराच्या पडक्या दगडांतच वसलेलं होतं. घरांच्या भिंती रोमन लोकांच्या भिंतींना टेकलेल्या, संगमरवरी शवपेट्यांत द्राक्षं तुडवली जायची, आणि पावसाळ्याआधी मातीचं छप्पर दाबायला खांबाचा तुटका गोल दगड फिरवायचे. इद्रिस गेला तेव्हा वडिलांनी नाट्यगृहाच्या भिंतीतून एक पांढरा दगड उपटून आणला आणि त्याच्या उशाशी रोवला. दगडावर पानाफुलांचा गोल हार कोरलेला होता. वर काही अक्षरं होती, पण ती कुणाला वाचता येणार? आईला हार आवडला होता. पुढे सरकारनं गाव तीन किलोमीटर खाली हलवलं, नवी दफनभूमी दिली. इद्रिस मात्र वरच राहिला, पडक्या शहरात, नाट्यगृहाच्या मागच्या जुन्या दफनभूमीत, पोरांच्या बाजूला.

गेल्या वर्षी झेकियेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पलंगावर पडून तिनं फातिहा म्हटली, यासीन वाचलं, पण कबरीवर पाणी काही पडलं नाही. रोज पहाटेच्या नमाजेनंतर माळेवर शंभर वेळा दुरूद म्हणायचा तिचा नेम होता. त्या शंभरांतल्या कुठल्यातरी मण्यावर रोज ती चुकलेली खेप बोटाला टोचायची. यंदा चुकवायचं नव्हतं. सूर्य बुडायच्या आत पाणी घालायचं, एवढंच.

दुपारची नमाज आटोपून ती निघाली. हातात पाच लिटरचा डबा, काखेत कबरीवर ठेवायच्या मुर्तच्या हिरव्या, सुवासिक फांद्यांची जुडी. मागून नणंद शेरिफे, हात मोकळे आणि तोंड चालू.

"वहिनी, जरा दमानं. मेलेली माणसं कुठं पळून चाललीत?"

"गावाकडची गाडी पाचला परत जाते."

"पाचला म्हणजे सव्वापाचला. दोन बायका तिथं उन्हात उभ्या आहेत हे त्याला दिसतं की."

"आज रोजा सोडायला त्यालाही घरी जायचंय."

"बघ, स्वतःच्या गुडघ्यापेक्षा ड्रायव्हरच्या पोटाची काळजी जास्त!"

पडक्या शहराच्या दाराशी लोखंडी फिरतं फाटक होतं आणि फाटकाशी दुर्मुश. निळा शर्ट, छातीवर बिल्ला. हाच दुर्मुश लहानपणी इथल्या खांबांना शेळ्या बांधायचा. त्यानं दोघींना तिकिटाशिवाय आत घेतलं, पण डब्यावर हात ठेवला.

"मावशी, डबा आत जात नाही."

"का रे?"

"नियम आलाय. प्यायच्या पाण्याची छोटी बाटली चालते."

"हे प्यायचंच आहे. झऱ्याचं."

"मग एक घोट घेऊन दाखव. तसंच लिहिलंय कागदावर."

शेरिफे फिस्कारली. "अरे शहाण्या, रोजा आहे तिचा! तूच घे घोट."

"माझाही आहे."

"मग तुझ्या त्या कागदाला पाज!"

मागे उन्हाच्या टोपीतली एक परदेशी म्हातारी आपला नंबर कधी लागतो म्हणून उभी होती. तिला काय समजलं कोण जाणे. तिनं डबा उचलला, दोन मोठे घोट घेतले, हसून अंगठा दाखवला आणि फाटकातून निघून गेली. शेरिफे इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. पण दुर्मुशनं डब्यावर पुन्हा हात ठेवला. शेवटी त्यानं आपली रिकामी अर्ध्या लिटरची बाटली दिली आणि झेकियेनं ती भरून घेतली. डबा त्याच्या खुर्चीखाली राहिला.

झेकियेनं डब्याकडे पाठ फिरवली. रोज्यात आवाज चढवायचा नाही, हा तिचा आणखी एक नेम. लहानपणापासून पाळलेला. आत काहीही उकळलं तरी ओठ मिटून घ्यायचे.

मोठ्या रस्त्यानं दोघी चालू लागल्या. खांबांच्या सावल्या दगडी फरशीवर आडव्या पडल्या होत्या. झेकियेचं ज्या घरात बालपण गेलं ते इथंच उजव्या हाताला होतं. तिथं आता दोरी बांधून मधे पाटी लावली होती, आणि पाटीवर कुठल्याशा सार्वजनिक स्नानगृहाचं चित्र होतं. आईची चूल स्नानगृहाच्या नेमक्या कुठल्या खोलीत होती ते झेकियेला दर वर्षी शोधावंसं वाटे, आणि दर वर्षी ती न थांबता पुढे जाई.

नाट्यगृहाला वळसा घालून ती मागच्या बाजूला आली आणि थांबली.

समोर नवी तारेची जाळी होती. जाळीला दार, दाराला कुलूप. जाळीपलीकडे गुडघाभर गवत आणि त्यात लाल अफूची फुलं. पांढरं काहीच दिसत नव्हतं.

तिला वाटलं, आपण चुकून दुसरीकडे आलो. ती जाळीच्या कडेकडेनं टोकापर्यंत गेली, परत आली. मोठ्यांच्या कबरी दिसत होत्या, मातीचे उंचवटे, साध्या करड्या दगडांच्या रांगा. पण पोरांची बाजू सपाट होती. पोरांच्या कबरींना उंचवटा राहत नाही, दोन पावसांत माती बसते. तिथं खूण म्हणून असायचे ते फक्त दगड. कुणी खांबाचा तुकडा रोवलेला, कुणी कोरीव पट्टी. तिचा तर हारवाला पांढरा दगड लांबूनच दिसायचा. त्यामुळे तिनं कधी पावलं मोजली नव्हती, झाड धरून ठेवलं नव्हतं, काही नाही. सरळ दगडाकडे चालत जायचं, बस.

"इथंच ना गं?" शेरिफेचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

"इथंच."

"इथं म्हणजे कुठं?"

झेकियेनं हात उचलला आणि तो हवेतच राहिला.

शेरिफेनं तिथूनच दुर्मुशला हाक मारली. ती हाक सबंध नाट्यगृहात घुमली आणि वरच्या पायऱ्यांवर बसलेल्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. दुर्मुश धावत आला.

"दगड कुठं गेले रे?" झेकियेनं विचारलं.

"कुठले?"

"पोरांचे."

दुर्मुशनं टोपी काढली. "ते होय. ते वर नेले, मावशी. कोठारात. चोऱ्या व्हायला लागल्या होत्या ना, म्हणून जुन्या कोरीवकामाचे सगळे दगड उचलले. कबरींना कुणी फावडं लावलं नाही हां, शपथेवर. फक्त दगड."

"कुणी उचलले?"

तो टोपीची कड चाचपत राहिला. "मजूर होते. मी पण होतो. तेव्हा मला फाटकाचं काम लागलं नव्हतं."

"मग तुला आठवत असेल. हार कोरलेला. पांढरा."

"हारवाला आठवतो की. जड होता. गाडीवर चढवताना माझं बोट चेंगरलं. पण कुठून उपटला ते कसं सांगू? दोन दिवसांत एकोणीस दगड काढले. आम्ही खाली बघून उपटायचो, मान वर करायला वेळ नव्हता."

"कुणाला विचारायचं तरी!" शेरिफे म्हणाली. "पोरांच्या उशाखालून दगड ओढता आणि आयांना विचारत नाही?"

"विचारलं ना! महिनाभर कागद लावला होता. ज्यांच्या नात्याची कबर असेल त्यांनी येऊन सांगावं, तिथं नवा दगड बसवून देऊ. एक माणूस आला नाही."

"कुठं लावला होता कागद?" झेकियेनं विचारलं.

"चहाच्या दुकानात. आणखी कुठं लावणार? सगळं गाव तिथंच बसतं."

सगळं गाव! चहाच्या दुकानात मेर्मेरलीतल्या एकाही बाईनं आजवर पाऊल टाकलं नव्हतं. बाहेरून नवऱ्याला हाक मारायची, तीसुद्धा दारापासून चार हात लांब उभं राहून. आणि पोरांच्या कबरी तर फक्त बायकांनाच ठाऊक. गेलेल्या तान्ह्याचं नाव पुरुषांपुढे काढायचं नाही, नव्या पाळण्याला बाधतं, असं मानणाऱ्या आया. आईकडून लेकीला, सासूकडून सुनेला, गुपचूप सोपवलेली ती कामं.

दुर्मुश आपली बाजू सावरायला पुढे बोलला आणि आणखी बिघडवून बसला. "बेकिर काकांनीच तर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. चष्मा त्यांच्याकडेच होता. ते म्हणाले, त्या फार जुन्या कबरी आहेत, तिकडे आता कोण जातंय? मग सगळे पुन्हा सोंगट्या खेळायला बसले."

बेकिर म्हणजे झेकियेचा नवरा. महिनाभर त्या कागदाखाली बसून चहा पीत होता. संध्याकाळी घरी येऊन म्हणायचा, आज काही विशेष नाही.

झेकियेनं डोळे मिटले. बेकिरवर रागवावं तर कुठल्या तोंडानं? चाळीस वर्षांत तिनं त्याला कधी सांगितलं होतं? अरेफेला ती जाते ती आईच्या कबरीवर, असंच तो समजत आला. कुणाला सांगत बसायचं नाही हा आईचा शब्द तिनं इतका नीट पाळला होता, की इद्रिस जगात आता तिच्याशिवाय कुणाच्याच माहितीत उरला नव्हता. आणि जिला माहिती होती ती तेव्हा, गेल्या वर्षी, खाटेवर पाय वर करून पडली होती.

"कोठार दाखव," ती म्हणाली.

टेकडीवर उत्खननवाल्यांचं घर होतं. अंगणात सामान बांधून ठेवलेलं, उद्यापासून नऊ दिवस सुट्टी. मागे उत्खननवाली निलाय हानम, म्हणजे निलायबाई, एकटीच राहिली होती. तिशीची, केस वर बांधलेले, पायात मातीनं भरलेले बूट. तिनं दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"माफ करा मावशी, रोजा असेल तुमचा."

झेकियेनं काय झालं ते सांगितलं. फार थोडक्यात, खालच्या आवाजात. निलाय ऐकता ऐकताच उठली आणि त्यांना मागच्या पत्र्याच्या कोठारात घेऊन गेली. लांबच लांब फळ्या, फळ्यांवर दगड, प्रत्येक दगडाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. हारवाला दगड खालच्या फळीवर होता. घासूनपुसून इतका पांढरा केलेला, की झेकियेला आधी ओळखूच आला नाही. शिवाय हार वरच्या बाजूला होता.

"हा उलटा ठेवलाय," ती म्हणाली.

"नाही मावशी," निलाय हळूच म्हणाली. "हा आता सुलटा आहे."

शेरिफेनं तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरला.

"लिहिलंय काय यावर?"

"एका पैलवानाचं नाव आहे. कुस्तीत तीन वेळा जिंकला म्हणून शहरानं हार कोरून त्याचा मान केला. अठराशे वर्षं झाली."

"पैलवान!" शेरिफेला राहवलं नाही. "वहिनी, तान्ह्या पोराच्या उशाला पैलवान आणून बसवला होता गं!"

झेकियेच्या ओठाची कड क्षणभर हलली. अडतीस दिवसांचा, मुठीत बोट धरायला शिकलेला. पण ते हसू वर येऊन पोचलं नाही. ती चिठ्ठी वाचत होती. नंबर, तारीख, लांबी, रुंदी, मोडकी कड, आणि शेवटी: नंतरच्या काळात उलट रोवून पुन्हा वापर. नंतरच्या काळात. एवढंच इद्रिसच्या वाट्याला आलं होतं.

"हा ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली. "तुमचा असेल तर तुमचा. मला फक्त हा कुठं उभा होता ती जागा दाखवा."

निलायनं संगणक उघडला. बराच वेळ बोटं चालली.

"उत्तर भाग, चौदावा चौकोन."

"चला मग."

"मावशी, चौकोन मोठा असतो. इकडून तिकडे पंचवीस पावलं. त्यातून हे सात दगड निघाले. नेमकं माप मोजणी करणाऱ्या दादांच्या वहीत आहे, ते संगणकात चढवायचं राहिलंय. वही त्यांच्याकडे आहे. ते सकाळीच गावी गेले."

"फोन लावा."

लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"बसमध्ये असतील. सुट्टी संपली की पहिलं काम हेच करते. तुम्ही तोवर अर्ज देऊन ठेवा, म्हणजे मला वरून परवानगी घेता येईल." तिनं एक छापील कागद पुढे सरकवला.

"सुट्टी संपली की म्हणजे दहा दिवसांनी."

"हो."

"अरेफे आज आहे."

निलायनं कागदावर पेन ठेवलं. ती मुलगी वाईट नव्हती, हाच तर त्रास होता. कुणीच वाईट नव्हतं. दुर्मुशनं हुकमाप्रमाणे दगड उचलला होता, बेकिरनं चष्मा लावून कागद वाचला होता, मोजणीवाला ईदला आपल्या आईकडे चालला होता. झेकियेला वाटलं, यातलं कुणीतरी एक जण नालायक निघालं असतं तर बरं झालं असतं. निदान मनातल्या मनात तरी त्याच्यावर ओरडता आलं असतं.

तिनं बाटली उघडली आणि दगडाकडे वाकली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआपच गेला. निलायनं घाईघाईनं तिचं मनगट धरलं.

"नको, मावशी! याच्यावर औषध लावलंय. पाणी चालत नाही."

हात मागे आला. थोडं पाणी बाटलीतून तिच्या बाहीवर सांडलं. उशी इथं फळीवर, चिठ्ठी बांधलेली. आणि बाळ तिकडे गवतात. उशाकडून ओतायचं, तर कुठून ओतायचं?

बाहेर अंगणात येऊन ती अर्जासमोर बसली. अर्जदाराचं नाव. गाव. मृताचं नाव. नातं. दफनाचं वर्ष. पहिले दोन रकाने भरून पेन थांबलं. नाव तिनं आजवर लिहिलं नव्हतं. मोठ्यानं उच्चारलं होतं तेही आईपुढे, दोघी एकट्या असताना.

"मी लिहू का?" निलायनं विचारलं. "सांगा तुम्ही."

"इद्रिस," झेकिये म्हणाली. दुर्मुश दाराशी उभा होता, त्याच्यासमोरच म्हणाली. "माझा भाऊ."

शेरिफेनं चमकून पाहिलं. तिलाही आजवर फक्त 'वरची एक कबर' एवढंच ठाऊक होतं.

नमाजेची वेळ झाली. झेकियेनं अंगणातल्या नळावर हातपाय धुतले आणि कोपऱ्यात रुमाल पसरला. गुडघा वाकत नव्हता म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढली. एरवी नमाजेत तिचं मन नदीच्या डोहासारखं बसायचं. आज बसलं नाही. प्रत्येक रुकूला वाकताना तो चौकोन डोळ्यांपुढे येत होता, पंचवीस पावलं इकडून, पंचवीस तिकडून. दुआ मागायला हात वर केले तेव्हाही तिला शब्द सुचले नाहीत. या खेपेलाही पाणी नाही पडलं तर काय तोंड दाखवू, एवढंच आलं.

हात तोंडावरून फिरवून ती उठली.

"त्या चौकोनात पोरं किती असतील?" तिनं विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार," निलाय म्हणाली. "दगडवाल्या सात. बिनदगडाच्या धरून वीस-पंचवीस असाव्यात."

"सगळ्या तान्ह्याच?"

"लहानच बहुतेक. का?"

नळाखाली उत्खननवाल्यांची प्लास्टिकची बादली होती, भांड्यांचे तुकडे धुवायची. झेकियेनं ती विसळली, पुन्हा विसळली आणि नळ सोडला.

"मावशी," निलाय चाचरत म्हणाली, "जाळीच्या आत कुणालाही सोडायला मनाई आहे. माझ्या हातात नाही ते."

"माहीत आहे, लेकी. तुला नाही विचारत." बादली भरत होती. "दुर्मुश, किल्ली."

दुर्मुशनं निलायकडे पाहिलं. निलायनं फोन कानाला लावला आणि ती पाठमोरी झाली, बंद असलेला फोन पुन्हा लावत. दुर्मुशनं कमरेचा जुडगा सोडला, एक किल्ली काढून झेकियेच्या तळहातावर ठेवली. "बादली मी उचलतो," म्हणाला.

"नको. हे तुझं काम नाही."

शेरिफेनं घड्याळ पाहिलं. "अगं वहिनी, पाच वाजायला आले! एवढा सगळा चौकोन भिजवणार तू? एका बादलीनं? असल्या गुडघ्यानं? पुन्हा पुन्हा चढून येणार पाण्याला?"

"सूर्य बुडायला अजून अवकाश आहे."

"गाडी जाईल!"

"तू जा गाडीनं. घरी सूप तयार आहे, फक्त गरम करायचंय."

"आणि दादानं विचारलं तर काय सांगू?"

झेकिये बादली उचलायला वाकली होती. तशीच वाकलेली क्षणभर थांबली.

"सांग, भावाकडे गेलीय. नाव विचारलं तर नाव सांग."

तिनं मुर्तची जुडी काखेत घट्ट धरली, बादली उजव्या हातात घेतली, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून डावा पाय आधी टाकत ती उतार उतरू लागली.